कृष्णद्रव्य आणि पिशाचयोनी

भुताखेतांच्या अस्तित्वाविषयी वाद घालण्याचे वय आपले उलटून गेले, अशी प्रस्तुत लेखकाची समजूत होती. गेल्या पावसाळ्यात वाशीस एका स्नेह्यांच्या घरी भरलेल्या वाचनाच्या बैठकीत ती खोटी ठरली. ही बैठक दरमहा भरते. दहाबारा कुटुंबांतील मंडळी जमतात, कोणी एखादी कथा किंवा निबंध वाचतो, मग चहा आणि चर्चा. त्या दिवशी कै. नारायण धारप यांची एक भयकथा वाचून झाली होती, आणि अशा वाचनानंतर 'खरेच असे काही असते का?' हा जो प्रश्न हमखास निघतो तो निघाला. मंडळी नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेणार, तोच एका निवृत्त अभियंत्यांनी मोठ्या शांतपणे असे प्रतिपादन केले की, हसण्याचे आता कारण उरलेले नाही. विश्वातील एकंदर द्रव्यापैकी पाचषष्ठांशांहून अधिक द्रव्य आजवर कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाही, हे आता शास्त्रज्ञच सांगतात. त्याच्या आरपार आपण चालतो, ते आपल्या आरपार जाते, आणि आपणांस पत्ताही लागत नाही. मग आपल्या पूर्वजांनी ज्यास पिशाचयोनी म्हटले ती याच द्रव्याची बनलेली नसेल कशावरून?

हे गृहस्थ सज्जन आहेत, बहुश्रुत आहेत, आणि कोणास गंडा बांधण्याचा त्यांचा व्यवसाय नाही. म्हणूनच त्यांचे बोलणे उडवून लावणे कठीण गेले. पण प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण ते नव्हेत. बैठकीत एक प्रौढ बाई होत्या. त्यांचे यजमान निवर्तून तेव्हा चार महिने झाले होते. सबंध चर्चेत त्यांनी चहाच्या पेल्यास हात लावला नाही, आणि अखेरीस एवढेच विचारले : "म्हणजे ते घरातच असू शकतील?" यावर कोणी काही बोलले नाही. अभियंतेही बोलले नाहीत. त्या प्रश्नास उत्तर देणे त्या दिवशी कोणासच साधले नाही, ते येथे सावकाशीने द्यावे असा मानस आहे.

प्रथम या मताची बाजू जितकी बळकट मांडता येईल तितकी मांडली पाहिजे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या ज्योतिर्विदास कोमा नावाच्या दीर्घिकासमूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना आढळल्या की, जेवढे द्रव्य तेथे दिसते तेवढ्याच्या आकर्षणाने तो समूह एकत्र राहणे अशक्य होते. पुढे १९७०च्या सुमारास व्हेरा रूबिन व केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे परिभ्रमण मोजले, तेव्हा कडेचे तारेही मधल्या ताऱ्यांच्याच जवळपासच्या वेगाने फिरत असल्याचे दिसून आले; आणि मग एकामागून एक अनेक दीर्घिकांच्या बाबतीत तोच अनुभव आला. तारे उधळून जात नाहीत, त्या अर्थी त्यांना धरून ठेवणारे काही आहे. ते दिसत नाही, त्या अर्थी ते प्रकाशाशी व्यवहार करीत नाही. आजच्या हिशेबाप्रमाणे विश्वाच्या एकंदर द्रव्य-ऊर्जेत आपल्या ओळखीचे अणुमय द्रव्य सुमारे ५ टक्के, हे अदृश्य द्रव्य सुमारे २७ टक्के, आणि उरलेले ६८ टक्के याहूनही दुर्बोध अशा ऊर्जेचे. ज्या शास्त्रास शंभरांपैकी पंचाण्णव भागांचे स्वरूप कळलेले नाही, त्याने भुतास नाही म्हणावे हा उद्धटपणा नव्हे काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो सकृद्दर्शनी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

तथापि या युक्तिवादाचे अर्धे बळ निव्वळ नावाचे आहे. झ्विकीने जे जर्मन विशेषण योजले त्याचा अर्थ 'काळोखी' असा होतो. त्याचेच भाषांतर होत होत आपल्याकडे 'कृष्णद्रव्य' हा शब्द रूढ झाला. शब्द भारदस्त आहे, पण खरा नाही. काळी वस्तू प्रकाश गिळते, आणि गिळते म्हणूनच ती काळी दिसते. हे द्रव्य प्रकाश गिळत नाही, परतवीत नाही, अडवीतही नाही. तो सरळ त्यातून निघून जातो. त्यास वस्तुतः 'पारदर्शक द्रव्य' म्हणावयास हवे होते. तसे नाव पडले असते तर अमावास्येच्या पिंपळाखाली त्याची आठवण कोणास झाली असती, असे वाटत नाही. काळोखाशी आमच्या मनाचे जे जुने वैर आहे ते या एका विशेषणाने जागे केले. शास्त्राच्या हिशेबात त्यास काहीच स्थान नाही.

आता हिशेबच मांडावयाचा तर तो वाशीच्याच एखाद्या बिऱ्हाडाचा मांडू. सूर्याच्या आसपासच्या प्रदेशात हे द्रव्य किती विरळ पसरले आहे याचा अंदाज ज्योतिर्विदांनी ताऱ्यांच्या गतींवरून केलेला आहे. त्या अंदाजाप्रमाणे सबंध पृथ्वीच्या गोलाने व्यापलेल्या जागेत, समुद्र, सह्याद्री, हिमालय, पाताळ सारे धरून, कोणत्याही एका क्षणी असणारे कृष्णद्रव्य सुमारे अर्धा किलो भरते. वाण्याकडून आणलेल्या साखरेच्या पुडीएवढे! दोन खोल्या, स्वयंपाकघर व सज्जा अशा बिऱ्हाडाच्या वाट्यास त्यातले जे येते ते एका सूक्ष्म जंतूच्या वजनाच्या दहाहजाराव्या भागाइतके असते. तेही तेथे मुक्काम करीत नाही. हे कण सेकंदास दोनतीनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असतात, आणि पृथ्वीचे आकर्षण सेकंदास अकरा किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने जाणाऱ्या वस्तूसही धरून ठेवू शकत नाही. समोरच्या दारातून शिरलेला कण डोळ्यांचे पाते लवण्याच्या फार आधी मागच्या भिंतीतून निघून ठाण्याची खाडी ओलांडतो. मुंजा पिंपळावर *राहतो*, समंध पुरलेल्या धनावर *बसतो*, हडळ विहिरीच्या काठाशी *वाट पाहते*. आमच्या भुतांचे पहिले लक्षण म्हणजे त्यांचा पत्ता ठरलेला असतो. आणि ज्या द्रव्यातून त्यांस घडवावयाचे म्हणतात, त्यास पत्ता असा नाहीच.

यावर कोणी म्हणेल की, सरासरीची गोष्ट राहू द्या. एखाद्या ठिकाणी ते द्रव्य दाट साकळून मनुष्यदेहाएवढे झाले असेल. असो. साठ किलो वजनाचे असे पिशाच तुमच्या खिडकीच्या पडद्यापासून अर्ध्या मीटरवर येऊन उभे राहिले अशी कल्पना करू. त्याच्यापाशी ज्याचा पुरावा आहे असे एकच साधन आहे, आणि ते म्हणजे गुरुत्वाकर्षण. त्या साधनाने ते पडद्यास किती ओढील? पडद्याच्या स्वतःच्या वजनाच्या साठ कोटीव्या भागाइतके. त्याने पडदा हलणार नाही, दिव्याची ज्योत थरथरणार नाही, मांजराची मिशीही हलणार नाही. पावलांचा आवाज नाही, कारण आवाज हवेने नेला पाहिजे. थंड हाताचा स्पर्श नाही, कारण स्पर्श म्हणजे तुमच्या अणूंतील विद्युत आणि त्याच्या अणूंतील विद्युत यांची झोंबाझोंबी, आणि विजेशी तर या द्रव्याचे बोलणेच नाही. भुतास जे जे करता यावे लागते त्यातले काहीएक यास करता येत नाही. आणि यास जे एक करता येते, सबंध दीर्घिका सावरून धरणे, ते करताना भूत कधी कोणी पाहिलेले नाही.

याहूनही मोठी अडचण निराळीच आहे. भूत हे नुसते द्रव्य नव्हे. त्यास रूप हवे, स्मृती हवी, राग हवा, वासना हवी. स्मृती ठेवावयाची तर काही एक घडण लागते, आणि घडण व्हावयाची तर घटकांनी परस्परांस धरावे लागते. मातीचा घट होतो तो मातीचे कण एकमेकांस चिकटतात म्हणून. २००६ साली दोन दीर्घिकासमूहांच्या टकरीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की, दोहोंमधील तप्त वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळला. पण दोहोंमधील अदृश्य द्रव्य परस्परांतून जणू काही झालेच नाही अशा रीतीने निघून गेले. 'बंदुकीची गोळी' असे त्या समूहाचे इंग्रजी नाव आहे. जे द्रव्य स्वतःच्याच जातीच्या द्रव्यास ओळख देत नाही त्याची हाडे कशी होणार, आणि मेंदू तरी कसा होणार?

प्रामाणिकपणाखातर येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या द्रव्याचा एखादा अल्प अंश आपसांत क्रिया करणारा असेल, त्याचे स्वतःचे अणू असतील, अशी कल्पना काही शास्त्रज्ञांनी मांडलेली आहे. ती सिद्ध नाही, परंतु निषिद्धही नाही. ती घटकाभर खरी मानली तर काय निष्पन्न होते? आपल्याच घरात, आपल्याच भिंतींतून, दुसरा एक संसार चालला असेल. पण त्या संसारातील माणसांस आपण दिसणार नाही, आपला आवाज जाणार नाही, आपले दार त्यांस दार वाटणार नाही. ते आपणांस झपाटू शकणार नाहीत, आणि आपण त्यांस बोलावू शकणार नाही. ही एक विलक्षण करुण कल्पना आहे. ती घेऊन मराठीत कोणी कथा लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. कोणी लिहिली तर ती भुताची गोष्ट खात्रीने होणार नाही.

'दिसत नाही म्हणून नाही, असे कसे म्हणावे?' हा आक्षेप आमच्याकडे नवा नाही, आणि त्याचा विचार आमच्या दर्शनकारांनी पुष्कळ बारकाईने केलेला आहे. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. ती फार दूर असेल, फार जवळ असेल, इंद्रिय बिघडले असेल, मन ठिकाणावर नसेल, वस्तू अतिसूक्ष्म असेल, मध्ये आडपडदा असेल, दुसऱ्या प्रखर वस्तूने ती झाकोळली असेल, किंवा तिच्यासारख्याच वस्तूंत ती मिसळून गेली असेल. अव्यक्त प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्मतेमुळे, अभावामुळे नव्हे. आणि ती आहे हे कार्यावरून कळते, असा त्याचा सिद्धान्त. झ्विकीचे अनुमान या घाटाचेच आहे, हे लक्षात येताच आमच्यातील कित्येकांस आनंदाचे भरते येते आणि पूर्वजांस सर्व ठाऊक होते असे ते म्हणू लागतात. ते तसे नाही. प्रकृती आणि कृष्णद्रव्य एक नव्हेत. सारखी आहे ती अनुमानाची रीत. पण ही रीत पुरती पाहावयाची तर तिच्या जोडीला मीमांसक व नैयायिक यांनी सांगितलेला दुसरा विचारही घेतला पाहिजे. त्यास योग्यानुपलब्धी म्हणतात. जमिनीवर घडा असता तर तो दिसलाच असता, दिसण्यास कोणतीही अडचण नव्हती, आणि तरी तो दिसत नाही. मग घडा नाही, हेच ज्ञान होय. जी वस्तू दिसावयास हवी तिचे न दिसणे हाही पुरावाच आहे.

या द्रव्याचा कण कधीतरी एखाद्या अणूस धक्का देईल या आशेने अमेरिकेतील दक्षिण डाकोटा येथील एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, सात टन द्रवरूप झेनॉन ठेवून त्याभोवती अतिसूक्ष्मग्राही यंत्रे पहारा देत आहेत. आपल्या देशातही झारखंडात जादूगुडा येथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ साली अशा संशोधनासाठी प्रयोगशाळा उघडण्यात आली (गावाच्या नावातच जादू आहे, हा निव्वळ योगायोग). २०२४ साली त्या झेनॉनच्या प्रयोगाचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात एकाही धक्क्याची खूण नव्हती. एका अणूस लागलेला धक्का जेथे सुटत नाही, तेथे कड्या वाजविणारे, भांडी पाडणारे, छातीवर बसणारे द्रव्य सुटले असेल काय? दार ढकलण्यास लागणारा जोर या यंत्रांच्या दृष्टीने भूकंपासारखा आहे. भूत कृष्णद्रव्याचे असते, तर भौतिकशास्त्रज्ञांनी त्यास केव्हाच पकडून पारितोषिके वाटून घेतली असती.

आणि अदृश्य वस्तू म्हणजे काही अपूर्वाई आहे असेही नाही. सूर्यापासून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदास सुमारे ६५०० कोटी या संख्येने पार होत असतात. १९३० साली पाउलीने ते केवळ अनुमानाने मांडले, १९५६ साली ते प्रयोगात सापडले, आणि १९६५ साली वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनोंची खूण आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत मिळाली. त्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. त्याच संस्थेत काम केलेले रामनाथ कौशिक यांनी मॅक्लेलंड यांच्यासह १९७२-७३ साली, दीर्घिकासमूहांतील न दिसणारे द्रव्य म्हणजे वजनदार न्यूट्रिनोच असतील काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. पुढे न्यूट्रिनोंचे वजन त्यास पुरेसे नाही असे ठरले. म्हणजे भुतासारखी भिंतीतून जाणारी वस्तू आपणांस खरोखरच माहीत आहे. ती जन्मापासून अहोरात्र आपल्या देहातून वाहते आहे, आणि तिने आजवर कोणाच्या अंगावर काटा आणलेला नाही.

घराजवळचे उदाहरण हवे असेल तर वाशीच्या घाऊक मसाला बाजारातून येणारा वास ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांनी एवढे आठवावे की, त्या बाजारापासून फार दूर नाही अशा ठिकाणी अणुऊर्जा खात्याच्या संस्थेचा एक कारखाना आहे. २००० सालापासून तेथे मिरची, हळद इत्यादी मसाल्यांवर कोबाल्टच्या गॅमा किरणांचा मारा करून त्यांतील जंतू मारले जातात. किरण दिसत नाहीत, त्यांस वास नाही, स्पर्श नाही. तरी किती मारा झाला याचे माप घेता येते, आणि जंतू मेले की नाही हे पाहता येते. अदृश्य वस्तूने शास्त्राच्या दरबारात कसे वागावे, याचा हा नमुना होय. तिने दिसलेच पाहिजे असा आग्रह नाही. हिशेब मात्र दिला पाहिजे.

अभियंत्यांचे मत नवे नाही, हेही त्यांस सांगावयास हवे होते. १८७५ साली बॅल्फोर स्ट्यूअर्ट व पी. जी. टेट या दोन पदार्थविज्ञानशास्त्र्यांनी 'द अन्सीन युनिव्हर्स' या नावाचा ग्रंथ प्रथम आपली नावे न घालता प्रसिद्ध केला. त्या काळी सर्व आकाश 'ईथर' नामक अदृश्य द्रव्याने भरलेले आहे असे शास्त्र मानीत असे. ऊर्जेचा नाश होत नाही, मग आपल्या विचारांची ऊर्जा ईथरवाटे एका अदृश्य विश्वात साठत असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. थॅलियमचा शोध लावणारे विल्यम क्रुक्स हे मृतात्म्यांच्या बैठकींस बसत. लाइप्झिगच्या झ्योल्नरने १८७७ साली एका माध्यमाने दोरीस मारलेल्या गाठी पाहून भुते चौथ्या मितीत राहतात असे ठरविले. १८७९ साली कर्नल ऑल्कॉट व मॅडम ब्लाव्हॅट्स्की मुंबईस उतरले, आणि पुढील अर्धशतक आमच्या सुशिक्षित घरांतून 'सूक्ष्म देह', 'ईथरची स्पंदने' ही परिभाषा प्लँचेटच्या फळीबरोबर हिंडली. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले यांना ईथरचा वारा मोजता आला नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने त्याची गरजच नाहीशी केली. भुतांचे घर असे उठले. पण भुते उठली नाहीत. त्यांनी निमूटपणे बिऱ्हाड बदलले : चौथी मिती, मग क्ष-किरण, मग पुंज, आणि आता कृष्णद्रव्य. पदार्थविज्ञानाच्या इमारतीत जी खोली अजून पुरती उजळली नसेल ती भाड्याने घ्यावयाची हा त्यांचा दीडशे वर्षांचा शिरस्ता आहे. उद्या कृष्णद्रव्याचा कण हाती लागला, तर ते पुन्हा बोचके बांधतील.

तो कण हाती लागेलच असेही नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अनुमानाने मांडलेल्या दोन अदृश्य वस्तूंची गोष्ट प्रसिद्ध आहे. युरेनसच्या गतीतील घोटाळ्यावरून लव्हेरिएने एक ग्रह कल्पिला, आणि १८४६ साली बर्लिनच्या दुर्बिणीत नेपच्यून सापडला. बुधाच्या गतीतील घोटाळ्यावरून त्यानेच १८५९ साली दुसरा ग्रह कल्पिला, त्याचे व्हल्कन असे नावही ठेवले गेले. पण तो कधीच सापडला नाही, आणि १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारून तो घोटाळा सोडविला. कृष्णद्रव्य नेपच्यून आहे की व्हल्कन, हा वाद मिटलेला नाही. १९८३ साली मिलग्रॉमने नियम सुधारण्याची बाजू घेतली. आमचे कै. जयंत नारळीकर हे तर रूढ विश्वोत्पत्तिशास्त्राचे अखेरपर्यंत टीकाकार होते, आणि अपरिचित द्रव्यांची भर घालीत सिद्धान्त सावरण्याची रीत त्यांस पसंत नव्हती. पुराव्याचा एकंदर कल द्रव्याच्या बाजूस आहे, एवढे मात्र खरे. सांगावयाचे ते हे की, ज्या खांबावर हे लोक भुतास टेकवू पाहतात त्याचीच अजून परीक्षा चालू आहे. आणि तो खांब परीक्षेस उभा आहे हाच त्याचा मोठेपणा. भुताच्या कैवाऱ्यांनी आपल्या भुतास असे कधी उभे केले आहे काय? परीक्षेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नारळीकर, नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात फलज्योतिषाची अशी एक परीक्षा घेतली होती, आणि तिचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या मिळून दोनशे कुंडल्या जमविल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील ते सांगावयास विनविले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. त्यांपैकी बरोबर आली ती सरासरीने ४६ टक्के. नाणे उडविले असते तर पन्नास आली असती.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वाङ्मयाचा. या मासिकाच्या वाचकांस खाणीतील झेनॉनपेक्षा त्यात अधिक गोडी असणार, आणि प्रस्तुत लेखकासही आहे.

कै. धारप हे विज्ञानाचे पदवीधर होते, आणि त्यांच्या भयकथांतून, विशेषतः 'समर्थ' या नायकाच्या कथांतून, भुतास शास्त्राची भाषा देण्याचा प्रयत्न जागोजाग आढळतो : निराळ्या मिती, निराळी स्पंदने, आपल्या जगाच्या कडेस टेकलेली दुसरी जगे. 'अनोळखी दिशा' हे त्यांच्या संग्रहाचे नावच या भूमितीकडे बोट दाखविते. त्यांचा चाहता या नात्याने असे म्हणणे प्राप्त आहे की, हा त्यांच्या कथांतील सर्वांत दुबळा भाग होय. जुन्या वाड्याचा जिना, माजघरातील मिणमिणता दिवा, आठ दिवस बंद असलेल्या खोलीचा वास, घरातल्या माणसांनी एकमेकांपासून लपविलेली शंका, येथे त्यांची लेखणी बिनतोड आहे. समर्थ येऊन समजावून सांगू लागले की भीती ओसरते आणि आपण एखाद्या व्याख्यानास बसल्यासारखे होते. रत्नाकर मतकरी यांनी हा मोह बहुधा टाळला. 'खेकडा' व त्यानंतरच्या गूढकथांतून त्यांनी भयाचे मूळ माणसाच्या मनात शोधले आणि उपपत्तीचा भाग वाचकावर सोडून दिला. म्हणून त्यांच्या कथा पुन्हा वाचवतात.

उपपत्तीने कथा का मरते? आमच्या लोकांनी भुते ज्या प्रकारे वर्गवारीने लावली आहेत तीकडे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. मुंज झाली आणि सोडमुंजीपूर्वी मेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. धनात जीव अडकून गेला तो समंध. प्रत्येक नावामागे एक अपुरे राहिलेले आयुष्य आणि बहुधा एक अन्याय आहे. बाळंतिणीकडे कोणी वेळेवर पाहिले नाही, हे गावास ठाऊक असते; ते तोंडाने कबूल करवत नाही, म्हणून ती विहिरीच्या काठी उभी राहते. भुतास कमी पडत असते ते द्रव्य नव्हे. नव्या मुंबईचेच पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली, भातखाचरे व मिठागरे गेली, त्यांच्या जागी सेक्टरांचे आकडे आले. मध्ये वाशीगाव, सानपाडा, करावे, दिवाळे ही आगरी-कोळ्यांची गावठाणे तेवढी बेटांसारखी उरली. येथे भुताची एखादी खरी कथा लिहावयाची असेल, तर ती गेलेल्या जमिनीची आणि बुजविलेल्या खाडीची असेल. तेथे कृष्णद्रव्याचे टक्के सांगणारा लेखक शास्त्रही बिघडवितो आणि त्या बाईचे, त्या जमिनीचे गाऱ्हाणेही दडपतो.

उलट नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेची मांडणी पाहण्यासारखी आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू दत्तदांनी शोधलेला. शास्त्रज्ञ त्यास यानाने बाजूस सारतात. इकडे घरात पत्नी शांतीसाठी यज्ञ करविते, आणि संकट टळल्यावर यज्ञ फळास आला असे निष्ठेने मानते. कथेत भूत नाही. पण एकाच घरातील दोन माणसे एकच घटना दोन निरनिराळ्या जगांत अनुभवतात, आणि त्यांच्या मधली भिंत पुराव्याने पडत नाही, हे दुःख तीत आहे. पात्रे थोडी ठोकळेबाज आहेत, पत्नीच्या बाजूस लेखकाने पुरते झुकून पाहिलेले नाही, हा दोष मान्य करूनही, विज्ञान आणि श्रद्धा यांची खोटी सोयरीक न जुळविता त्यांना एका छपराखाली नांदविण्याचे धैर्य या कथेत आहे.

राहिला त्या बाईंचा प्रश्न. ईथरच्या उपासकांत सर ऑलिव्हर लॉज हे शेवटचे मोठे नाव. बिनतारी विद्युत्संदेशाच्या शास्त्रात त्यांनी मोलाचे काम केले होते. १९१५ साली त्यांचा मुलगा रेमंड फ्लँडर्सच्या रणांगणावर पडला. पुढल्याच वर्षी त्यांनी त्याच्या नावाचा ग्रंथ लिहिला, आणि माध्यमांच्या द्वारे तो आपल्याशी बोलतो असे जगास सांगितले. शास्त्रज्ञांनी ईथर टाकून दिल्यावरही त्यांनी तो टाकला नाही. तो टाकणे म्हणजे मुलास दुसऱ्यांदा टाकणे झाले असते. या माणसास हसण्याचे धाडस आम्हांस होत नाही. परंतु त्याच दुःखाच्या जोरावर ज्यांची दुकाने चालतात त्यांच्याविषयी बोलताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कोठे जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. पूर्वी मांत्रिक लिंबू आणि अंगारा घेऊन येत असे. आता तो विश्वाचे शेकडे टक्केवारीने सांगत येतो, आणि लिंबास भुलत नाहीत अशी घरे टक्केवारीस भुलतात. आमचे अभियंते त्या जातीचे नव्हेत, हे पुन्हा सांगतो. पण त्यांनी उघडलेल्या दारातून कोण आत शिरेल यावर त्यांचा ताबा नाही.

पुढल्या महिन्याच्या बैठकीत वरील आकडे मी कागदावर लिहून नेले होते. बाईंस ते वाचून दाखवावे की नाही याचा निश्चय होईना. त्यांनीच कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला, आणि सेकंदास दोनतीनशे किलोमीटर या आकड्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मग ते हे नव्हेत. यांना आमचा जिना चढताना दोनदा थांबावे लागे." मग त्यांनी चहा घेतला. अभियंत्यांनी दुसऱ्या एका ग्रंथाचे नाव काढले, परंतु वेळ झाली होती. येत्या बैठकीस 'धूमकेतू' वाचावयाची असे ठरले आहे, आणि वाचन त्या बाईच करणार आहेत.